कोळशाच्या गाडीचं माहेरपण

माझ्या जहेजात आलेल्या शोकेसमध्ये आजवर एकही कपबशी टिकलेली नाही. लग्न झालं त्याच वर्षी आमच्या मिस्त्रींनी माझा सोनेरी काठाचा डिनर सेट उचलून माळ्यावर टाकला आणि त्या जागी रेल्वेची छोटी छोटी इंजिनं आणून उभी केली. मिस्त्री म्हणजे माझा नवरा, मन्सूर. दारव्ह्यात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, मग मीही म्हणते. घरी पाहुणे आले की शोकेसपुढे उभे राहून वा वा करतात, आणि मी त्यांना स्टीलच्या ताटात बिर्याणी वाढते.

आता राग उरलेला नाही. खरं सांगायचं तर ती इंजिनं मलाही आवडायला लागली, फक्त हे मी मिस्त्रींना कळू देत नाही. नागपूरच्या जुन्या बाजारात मिळालेलं चावीचं निळं इंजिन आहे. आमच्या मुलानं, अरसलाननं, पुण्याहून आणलेलं डिझेलचं आहे. बाकीची मिस्त्रींनीच पत्रा कापून, सोल्डर करून केलेली. प्रत्येकाखाली वीतभर रूळ. पावसाळ्यात शोकेसच्या आत एक पिवळा बल्ब सतत जळत असतो, ओल धरू नये म्हणून. बाहेर आभाळ अंधारून आलं की त्या बल्बच्या उजेडात चाकांच्या सावल्या भिंतीवर मोठ्या होऊन पडतात, आणि भाकरी थापता थापता मला वाटतं, आता कुणीतरी शिट्टी देईल आणि आमची बैठक हळूच घर सोडून निघेल.

दर जुम्म्याला नमाज झाली की बैठकीतल्या लाकडी तखताखालची फळी बाहेर येते. तिच्यावर रुळांचं गोल रिंगण ठोकलेलं आहे. आधी खोडरबरानं रूळ घासायचे, मग स्पिरिटच्या बोळ्यानं चाकं पुसायची, मग सुईच्या टोकावर शिवणमशीनच्या तेलाचा थेंब घेऊन आसाला लावायचा. हिवाळ्यात वरून कापसाचं काम. गिरण्यांत सरकी काढायचं जिनिंग सुरू झालं की गावाच्या हवेत तंतू तरंगत असतात. ते चाकांच्या आसाला गुंडाळतात आणि मोटर अडते. मिस्त्री चिमट्यानं एकेक तंतू ओढून काढतात. खिडकीतून उन्हाची तिरीप आलेली, तिच्यात कापूस हळूहळू खाली येतोय, आणि एखादं इंजिन गुणगुणत त्यातून फिरतंय. धूर निघत नाही, पण कापूस धुराड्यावर बसला की धूर निघाल्यासारखाच दिसतो. अशा दुपारी माझा डोळा लागतो आणि कानात ते गुणगुणणं चालूच राहतं.

फक्त एक इंजिन कित्येक वर्षांत फिरलं नव्हतं. तेच सगळ्यात देखणं.

ते पितळी इंजिन मिस्त्रींनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं, फिरोजनं, पोरवयात मिळून केलं होतं. आमच्या लहान रुळाच्या गाडीला पूर्वी जसं वाफेचं इंजिन असायचं, अगदी तसं. ती गाडी आता बंद आहे, रुळांत गवत वाढलंय, पण पितळेत ती तशीच आहे. इंजिन मिस्त्रींनी घडवलं. त्याच्या मागे जोडायची कोळशाची गाडी फिरोजनं. इंजिनाच्या पोटात जागा नव्हती, म्हणून टेपरेकॉर्डरची मोटर फिरोजनं मागच्या गाडीत बसवली. म्हणजे दिसायला इंजिन ओढतं, पण खरं पाहिलं तर मागची कोळशाची गाडीच त्याला ढकलते.

हे त्या दोघांना ठाऊक होतं. अम्मीला नव्हतं.

अम्मी म्हणजे माझी सासू, हुस्नाबी. नेरकडच्या खेड्यातली, त्यामुळे उर्दूपेक्षा वऱ्हाडीतच जास्त रागावते. फिरोजनं उमरखेडला वेगळं दुकान टाकायचं ठरवलं तेव्हा वाटणी अम्मीनंच केली. वाइंडिंगचं मशीन एकाला, ड्रिल दुसऱ्याला. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी तिची नजर शोकेसवर गेली. तिनं ते पितळी इंजिन उचललं, मधला बारीक आकडा स्वतःच्या हातानं सोडवला, मोठा तुकडा मोठ्याच्या हातात दिला आणि लहान तुकडा लहान्याच्या. मग फिरोजच्या उजव्या दंडावर इमाम जामिन बांधलं. हिरव्या कापडाच्या पट्टीत एक नाणं गुंडाळून ती हे बांधते. प्रवासाला निघालेल्याचं रक्षण होतं, तो सुखरूप परत आला की पट्टी सोडून नाणं खैरात करायचं. मी दात दाखवायला पुसदला गेले तरी मला ते बांधून जावं लागतं.

तर अशी वाटणी झाली. मोटर उमरखेडला गेली आणि इंजिन दारव्ह्याला राहिलं. मिस्त्रींनी ती गाडी मागितली असती तर अम्मीची वाटणी चुकली असा अर्थ झाला असता. फिरोजनं आपणहून दिली असती तरी तोच अर्थ. दोघंही आईच्या शब्दाचे इतके पक्के की ते वर्षानुवर्षं गप्प राहिले. फिरोज ईदला यायचा, शीरखुर्मा प्यायचा, शोकेसकडे पाठ करून बसायचा. आणि अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माह्यासारखी बराबर वाटणी गावात कोणी केली नसन. मी ओढणी तोंडाशी धरून आत निघून जायचे.

हे असंच चालत राहिलं असतं. पण गेल्या वर्षी मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहाच्या बशीवर कप वाजू लागला. मग दुकानातलं बारीक तारेचं काम कारागिराकडे गेलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कंप गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण वाढत जाईल. अम्मीला आम्ही काही बोललो नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तिला नीटसं दिसत नाही, तेव्हा लपवणं सोपं होतं. मिस्त्री तिच्यासमोर हात मांडीखाली दाबून बसायचे. जुम्म्याला इंजिनाची चाकं रुळांवर बसवायला त्यांना चार-चारदा प्रयत्न करावा लागे, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघत असे.

एका दुपारी ते पितळी इंजिन पुसत होते. पुसता पुसता थांबले आणि मान खाली घालूनच म्हणाले,

"फरहाना, माह्या हातानं हे अजून एकदा रुळावर ठिवावं अन् ते फिरावं, बस. मंग हात गेला तरी चालते."

मागणं म्हणून नाही बोलले. स्वतःशी बोलावं तसं बोलले आणि पुन्हा पुसायला लागले. अठ्ठावीस इंजिनं घरात फिरवणाऱ्या माणसाला एकच फिरवायचं राहिलं होतं, आणि ते मागायचीही सोय नव्हती.

मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी अम्मीला सांगितलं, उमरखेडला दीर-जावेला भेटून येते. तिनं चाचपडत माझा दंड शोधून पट्टी बांधली. मिस्त्रींना मात्र काहीच सांगितलं नाही.

दिग्रसपर्यंत एसटीत उभी होते, पुढे जागा मिळाली. पुसदच्या अलीकडे डोंगर लागले आणि मला पेंग आली. पेंगेत मी आमच्या तखताखालच्या फळीवर होते, बोटाएवढी. रुळांच्या कडेला कापसाचे ढीग घराएवढे उंच, आणि दूरवरून पितळी इंजिन येत होतं, आवाज न करता. त्याच्या मागे काहीच नव्हतं. ते माझ्यापुढे येऊन थांबलं आणि थांबूनच राहिलं. जाग आली तेव्हा कंडक्टर पुसद पुसद ओरडत होता.

फिरोजच्या घरी चहा झाला, मुलांची चौकशी झाली. मग मी सरळ मिस्त्रींच्या हाताचं सांगितलं. फिरोज ऐकत राहिला. मग उठला आणि कपाटातून मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली कोळशाची गाडी काढून आणली. खिडकीच्या फळीवर त्यानं सरळ रुळाचा एक तुकडा ठोकून ठेवला होता. त्यावर गाडी ठेवून बटण दाबलं. गाडी पुढे गेली, मागे आली, पुढे गेली. नुसती, एकटी. चाकांना तेल ताजं होतं. वरच्या टपात कोळसा म्हणून लोणच्यात घालतो ती काळी कलौंजी भरलेली होती, आणि तीही नवीन, तिचा वास येत होता. इतकी वर्षं हा माणूस आमच्या शोकेसकडे पाठ करून का बसायचा ते मला तेव्हा समजलं आणि माझे डोळे भरून आले.

फिरोज म्हणाला, नेतो भाभी, आत्ताच नेतो, पण अम्मीले काय सांगू? वाटणी मोडली म्हनते ना ते.

याचा विचार मी बसमध्येच करून ठेवला होता. मी म्हटलं, वाटणी कशाला मोडायची? पोरगी सासरी दिली म्हणून माहेरी येत नाही का? कोळशाची गाडी चार दिवस माहेरपणाला आली म्हणून सांगू.

फिरोज हसला.

तो जुम्म्याला आला. मिस्त्री नमाजेहून परतले तर फळी आधीच बाहेर काढलेली, आणि रुळांवर कोळशाची गाडी. ते चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहिले. भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग नमाजेआधी वजू करावा तसे हात धुवून आले आणि शोकेस उघडलं.

मी अम्मीला तखतावर आणून बसवलं आणि माहेरपणाचं सांगितलं. तिला ते फारच आवडलं. म्हणाली, येऊ द्या, लेकीबाळीनं यावं.

मिस्त्रींनी इंजिन उचललं. दोन्ही हातांत धरलं होतं तरी थरथरत होतं. फिरोज पुढे झाला, तशी मी मान हलवून त्याला थांबवलं. एकदा चाक घसरलं. दुसऱ्यांदाही घसरलं. तिसऱ्यांदा सगळी चाकं बसली. मग मधला आकडा अडकवायचा होता. आकडा कडीजवळ जायचा आणि पितळेवर पितळ वाजायचं. टिक टिक टिक टिक. खोलीत तेवढाच आवाज.

अम्मीनं विचारलं, हे काय वाजून राह्यलं?

फिरोज म्हणाला, गाडी चालू होऊन राह्यली अम्मी. आणि त्यानं खाली वाकून भावाच्या मनगटाखाली आपला तळवा ठेवला, नुसता टेकू म्हणून. आकडा बसला.

बटण मिस्त्रींनीच दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग पितळी इंजिन हललं आणि निघालं. खिडकीतलं ऊन, उन्हात उतरणारा कापूस, आणि त्यातून ते जात होतं, वळण घेत होतं, आमच्यापुढून पुन्हा जात होतं. मी किती वेळ पाहत होते मला सांगता येणार नाही. रुळांमधलं गवत बाजूला होतंय, कुठल्यातरी फाटकाशी लोक उभे आहेत, असं मला दिसत होतं. मिस्त्रींचं तोंड पोरासारखं उघडं राहिलं होतं.

अम्मी कान देऊन ऐकत होती. मग ती पुढे वाकली. गाडी जवळून जाताना तिनं बोट लावून पाहिलं, आधी इंजिनाला, पुढच्या फेरीला मागच्या गाडीला.

"आवाज तं लहान्यातून येऊन राह्यला," ती म्हणाली. "मोठं गुमान हाय."

फिरोजनं बटण बंद केलं. अम्मीला समजायला वेळ लागला नाही. ती हलक्या आवाजात म्हणाली, म्हणजे जीव एकाले देल्ला अन् कुडी दुसऱ्याले, अन् वरून मी गावभर सांगत फिरले. तुम्ही दोघं कायले गप्प राह्यले रे? माह्या शब्दासाठी?

दोघं भाऊ पन्नाशी ओलांडलेले, तिच्यापुढे माना खाली घालून बसले. मग अम्मी म्हणाली, मोडली वाटणी. हे जोडलेलंच ऱ्हाईन आता, कुठंही ऱ्हावो. फिरोजनं मान डोलावली. मला वाटलं, झालं, सुटलो. मी चहा ठेवायला उठले.

"थांब," अम्मी म्हणाली. "एक लपवलं तं दुसरंही लपवलं असन. ते टिकटिक गाडीचं नव्हतं. मन्सूर, हात दे इकडं."

मिस्त्रींचा हात मांडीखाली होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? त्यांनी हात काढून तिच्या हातात दिला. अम्मीनं तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. तिच्या बांगड्या बारीक वाजायला लागल्या. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं कमरेची पिशवी उघडली, हिरवी पट्टी काढली, चाचपून नाणं घेतलं आणि मिस्त्रींच्या उजव्या दंडावर बांधू लागली.

मिस्त्री म्हणाले, अम्मी, मी कुठं चाललो?

"तू नाई," ती गाठ मारत म्हणाली. "हात सफरीले निघाला हाय तुहा. मले न सांगता निघालता."

फिरोज चार दिवस राहिला आणि मोकळ्या हातानं परत गेला. कोळशाची गाडी इथेच आहे, इंजिनाला जोडलेली. जुम्म्याला मिस्त्री तिला रुळावर ठेवतात, आता मी मनगटाखाली तळवा धरते. बाही वर सरकली की हिरवी पट्टी दिसते. तिचा रंग उडालाय, कडेनं दोरे निघालेत. आंघोळीच्या वेळी भिजते, वाळते. मी एकदा म्हटलं, नवी बांधून घ्या. नको म्हणाले. सोडून टाका असं मात्र आमच्या घरात कुणीच म्हणत नाही.