सरळ भिंतीचा हट्ट

मित्रांनो, भोवरा समजून मला फिरवायला जाऊ नका. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. दोरीला बांधून मला भिंतीलगत सोडलं, की भिंत सरळ आहे की कललेली, ते मी लगेच दाखवून देतो.

शहरातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याजवळ मी तीस वर्षं काढली. त्याच्या हाताखाली डोंगरातली एक आदिवासी बाई सिमेंट-वाळूचा माल कालवायची. तिची बडबड थांबत नसे, म्हणून सगळे तिला साळुंकी म्हणत. दिवसभर ती दुसऱ्यांचे मजले चढवी आणि स्वतः नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोपटात राही. बघता बघता ती गवंडीकाम शिकली. पुढे गवंड्याची नजर अधू झाली आणि मी पोत्यात जाऊन पडलो. दोन वर्षं तिथेच काळवंडलो. मग एक दिवस त्याने मला साळुंकीच्या हातावर ठेवलं. "घे पोरी. हा कुणाची भीडभाड ठेवत नाही."

ती मला घेऊन डोंगरातल्या आपल्या वाडीवर गेली. तिथे सरकारने वीस घरं बांधून दिली होती. पहिल्याच पावसात त्यांच्या भिंतींना भेगा पडल्या आणि माणसं पुन्हा झोपड्यांत गेली. पाहणीला आलेले साहेब चिडले. "घरं दिली, तर त्यात शेळ्या बांधता! तुम्हाला पक्क्या घरात राहायची सवयच नाही."

साळुंकीची आत्या म्हणाली, "साहेब, पाऊस आला की शेळ्यासुद्धा बाहेर पळतात. त्यांनाही सवय लागेना बघा."

साळुंकीने मला भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडलं. भिंतीत आणि माझ्यात चांगलं चार बोटांचं अंतर पडलं. "जरा मागे सरका," ती म्हणाली, "तुमच्याच अंगावर यायची." साहेब दोन पावलं मागे झाले.

"बरं, दुरुस्ती करून देऊ."

"दुरुस्ती नको. सामान द्या, आम्ही बांधतो. आणि नकाशा आम्हाला विचारून काढा. या खोलीत चूल पेटवली की श्वास कोंडतो. ओटा नाही, मग म्हातारी माणसं बसायची कुठे?"

"ते नियमात बसत नाही."

त्यानंतर अकरा महिने मी साळुंकीच्या पिशवीतून कचेरीच्या पायऱ्या चढलो. शेवटी साहेबच कंटाळले. "एक घर बांधून दाखवा. पडलं, तर पुन्हा या दारात यायचं नाही."

आत्याचं घर बांधायला घेतलं. वाडीतल्या सहा बायका साळुंकीकडून काम शिकल्या. एका संध्याकाळी तिने स्वतः रचलेली भिंत मी बोटभर बाहेर दाखवली. पाऊस तोंडावर आला होता. सगळ्या म्हणाल्या, "राहू दे गं, गिलाव्यात झाकून जाईल." साळुंकीने मला पुन्हा एकदा भिंतीलगत सोडून पाहिलं. मग तिने हातोडा घेतला आणि भिंत पायापर्यंत उतरवली. मला तिचा फार अभिमान वाटला. सगळ्या जणी पुन्हा कामाला लागल्या, आणि छप्पर चढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस आला.

पावसाळा संपल्यावर साहेब आले. त्यांनी मला मागून घेतलं आणि चारही भिंती स्वतः तपासल्या. एक भेग सापडली नाही. आत्या ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती. उरलेल्या एकोणीस घरांच्या कागदावर त्यांनी तिथेच सही केली.

आता साळुंकी मला घेऊन शहरात परतली आहे. नाल्याकाठच्या खोपटांत तिचेच भाऊबंद राहतात; त्यांनाही घरं मिळावीत म्हणून ती कचेरीत खेटे घालते. शहरातले अधिकारी म्हणतात, "जागा नाही." साळुंकी म्हणते, "उद्या पुन्हा येते." आजचा तिचा सातवा फेरा.

मित्रांनो, घर म्हणजे उपकार म्हणून टाकलेला तुकडा नव्हे. ज्यांना त्यात राहायचं आहे, त्यांना आधी विचारा, मगच पाया खणा. आणि कुणी म्हणालं की या लोकांना राहायचं कळत नाही, तर वाद घालत बसू नका. त्यांना दिलेल्या भिंतीला सरळ ओळंबा लावून दाखवा.