मागच्या खुर्चीतला श्वास

पडद्यावरची बाई खोक्यांच्या आडोशाला बसली होती, आणि तिला चालवणारा टॅक्सीवाला सोफ्याच्या टोकाशी. कंदील घेतलेला पहारेकरी पाठमोरा चालला होता. पुढे सरकायला इतकी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती. पण टॅक्सीवाल्याने बटणावरचा अंगठा उचलला. पुढच्याच क्षणी पहारेकरी गर्रकन वळला, कंदील वर धरून इकडेतिकडे पाहिलं, "उंदीर असेल" असं काहीतरी पुटपुटला आणि आपल्या वाटेला लागला.

"बघा, वाचलो की नाही!" टॅक्सीवाला म्हणाला.

मागच्या खुर्चीतल्या ताई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

न बोलण्याचाच त्यांना पगार होता. कंपनी व्हिडिओ गेम बनवायची आणि अर्धाकच्चा गेम बाहेरच्या माणसांना खेळायला द्यायची. दातांचे डॉक्टर येत, कॉलेजची मुलं येत, नातवंडांनी ढकललेले आजोबाही येत. ती माणसं सोफ्यावर बसून खेळत, ताई मागच्या खुर्चीवर बसून बघत, आणि खेळ संपला की प्रश्न विचारत. मध्ये मात्र एक अक्षर बोलायचं नाही. माणूस उघड्या दाराला सोडून भिंतीला धडका देत असला तरी नाही. या खुर्चीवर आधी बसवलेली माणसं चार दिवसांत "अहो, डावीकडे बघा ना!" असं ओरडून मोकळी झाली होती. ताई कधीच ओरडल्या नव्हत्या. ऑफिसातली पोरं त्यांना पाठीमागे 'भिंत' म्हणत. ताईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. इतर कुठल्या कामात त्यांचं इतकं नाव झालं नव्हतं.

हा नवा गेम लपण्याचा होता. त्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं शिलाई मशीन जप्त झालेलं असतं, आणि ते तिला सरकारी गोदामातून परत आणायचं असतं. हत्यार नाही, मारामारी नाही. लपायचं, थांबायचं, सटकायचं. जाताना फारसं अवघड नाही, पण परत येताना डोक्यावर मशीन. मग पळता येत नाही, वाकता येत नाही, आणि खरी मजा तिथेच सुरू होते.

माणसं लपतात कशी हे बघण्यात ताईंची हयात गेली होती. वरून शिष्ट वाटणारा माणूस पहिल्या खोलीतच बाटली फेकून पहारेकऱ्याला चकवतो, आणि फाडफाड बोलणारी पोरगी अंधाऱ्या कोपऱ्यात अशी दडून बसते की ताईंना वाटावं, हिला चहा आणून द्यावा. "पहारेकरी हुशार हवेत की जरा बावळट?" या प्रश्नाला झाडून सगळे "हुशार" असं उत्तर देत. आणि पहारेकरी "उंदीर असेल" म्हणून निघून गेला की तेच सगळे खूश होत. ताई दोन्ही गोष्टी सांगत. कोण काय म्हणालं ते, आणि कोणाचे खांदे कधी सैल झाले ते.

भांडण होतं ते डोळ्यावरून. अशा खेळांत पडद्याच्या कोपऱ्यात बहुधा एक छोटा डोळा असतो. पहारेकऱ्याला संशय आला की तो उघडायला लागतो, म्हणजे खेळणाऱ्याने समजून जायचं. गेम ज्याच्या डोक्यातून निघाला त्या दाढीवाल्याला तो डोळा नको होता. "माणसाने अंधाराकडे बघावं, कोपऱ्यातल्या चित्राकडे काय बघायचं?" पहारेकऱ्यांना चालतं-फिरतं करणारी चष्मेवाली म्हणायची, "अरे, पण त्याला कळणार कसं? जादूने?" शेवटी ठरलं, की ताईंच्या खोलीत काय होतं ते बघू.

ताईंच्या खोलीत डोळ्याशिवाय सगळे मजेत खेळले. फारसं कोणी पकडलं गेलं नाही. "आतून कळतं हो, आता थांबायचं," असं एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या. दाढीवाल्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला, आणि डोळा गेला.

मग तोच गेम काही लोकांना घरी खेळायला दिला, आणि बोंब झाली. पहारेकरी कधी वळतो पत्ताच लागत नाही, उगाच पकडतात, वैताग आहे नुसता. शिव्या वाचून दाढीवाल्याचा चेहरा उतरला. मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं की आज संध्याकाळपर्यंत काहीतरी कारण सापडलं तर ठीक, नाहीतर हा गेम बंद, आणि दाढीवाल्याने पुढे कुणाच्या तरी हाताखाली काम करावं. म्हणून तर आधी खेळून गेलेल्या या टॅक्सीवाल्याला आज पुन्हा बोलावलं होतं. आणि हा गडी पुन्हा एकदाही पकडला न जाता मशीन डोक्यावर घेऊन बाहेर!

"छान जमतं तुम्हाला," प्रश्न संपल्यावर ताई त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या. तिथे बोलायची मुभा होती.

"जमणारच की! तुम्ही मागे असता ना."

"म्हणजे?"

"अहो ताई, तो वळायच्या आधी तुम्ही श्वास धरता." टॅक्सीवाला चपला घालत म्हणाला. "मागचा आवाज बंद झाला की मी थांबतो. माझ्या मेव्हण्याला तुम्ही घरी खेळायला दिलाय ना हाच गेम? रविवारी त्याच्याकडे बसलो, तर दर वेळेला पकडला गेलो. मेव्हण्याला म्हटलं, असं नाही जमायचं, ताईंना घेऊन येतो!"

तो हसत हसत गेला. ताईंनी दार लावलं.

खोलीत परत येऊन त्यांनी गेम सुरू केला आणि छातीवर हात ठेवून नुसत्या बघत बसल्या. पहारेकऱ्यांच्या फेऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या. इतके महिने दुसरं काय बघितलं होतं? कंदीलवाला पाठमोरा चालू लागला आणि हाताखालची छाती हलायची थांबली. मग तो वळला. तो गेला आणि श्वास सुटला, चांगला ऐकू येईल असा. त्यांनी मुद्दाम श्वास चालू ठेवून पाहिला. जमेना. चेहरा भिंत झाला होता खरा, पण छातीने केव्हाच फितुरी केली होती. म्हणजे 'आतून कळतं' म्हणणाऱ्या त्या बाईंना ते आतून नव्हे, मागून कळत होतं.

आपल्या खोलीतून गेलेला प्रत्येक शब्द खोटा ठरला, असंच ताईंना वाटलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. हे कोणालाच माहीत नाही. कॅमेरा खेळणाऱ्याकडे रोखलेला असतो, खुर्ची त्यात दिसत नाही. टॅक्सीवाला गेला. आपण गप्प राहिलो तर राहिलो. आपलं वय झालेलं, म्हातारे वडील घरात. ही नोकरी गेली तर या वयात गप्प बसून राहण्यासाठी कोण पगार देणार आहे? लपायला याहून चांगली जागा त्या गोदामातसुद्धा नव्हती.

खोलीच्या काचेपलीकडे दाढीवाला दिसत होता. टेबलावर डबा उघडून बसला होता, आणि घास हातातच होता. हा पोरगा ताईंना पहिल्या दिवशी "ताई, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारणारा. इतक्या वर्षांत तेवढ्याच एकाने विचारलं होतं. ताई थोडं पाणी प्यायल्या, पदर सारखा केला आणि सरळ साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. जाताना दाढीवाल्याच्या टेबलावर टकटक करून म्हणाल्या, "चल." आणि चष्मेवालीकडे बोट दाखवून, "तिलाही बोलाव."

साहेब फोनवर होते. ताई फोन संपायची वाट पाहत उभ्या राहिल्या, आणि संपल्याबरोबर, धीर सुटायच्या आत, बोलून टाकलं.

"साहेब, गेमची चूक नाही. चूक माझी आहे. पहारेकरी वळायच्या आधी मी श्वास धरते. लोक ते ऐकून थांबतात. घरी मागे कोणी नसतं, म्हणून पकडले जातात."

साहेब म्हणाले, "म्हणजे इतके महिने आपण गेम तपासत नव्हतो. ताईंना तपासत होतो?"

"एक मिनिट," चष्मेवाली म्हणाली आणि सगळ्यांना ताईंच्या खोलीत घेऊन आली. "ताई, बसा इथे. आणि तू घे रे खेळायला. नाही, तू नको. साहेब, तुम्हीच खेळा. याला सगळं पाठ आहे."

साहेबांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नव्हता. ताई मागे बसल्या, आणि साहेब अडखळत, पण न पकडले जाता, खोक्यांपर्यंत पोचले. मग ताईंना बाहेर पाठवलं. बाहेर उभ्या राहून त्यांना आतून साहेबांचं "अरे!" ऐकू आलं. मग पुन्हा "अरे!" मग एक शब्द, जो साहेबांच्या तोंडून ऑफिसात कोणी ऐकला नव्हता.

ताई आत आल्या तेव्हा दाढीवाल्याने डोकं टेबलावर टेकवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. ताईंना वाटलं रडतोय. तो हसत होता.

"ताई, तुम्ही मला मारलंत आणि जिवंतही केलंत," तो म्हणाला. "डोळा कोणालाच नको होता, हे खरंच होतं. सोबत हवी होती त्यांना!"

"मग गेममधली ती बाईच धरेल श्वास," चष्मेवाली म्हणाली. ती लगेच कामाला लागलीसुद्धा होती. "तो वळायच्या आधी. हेडफोन लावला की कानातच ऐकू येईल. साहेब, हे सहज होईल."

साहेब अजून पडद्यावरच्या पहारेकऱ्याकडे रागाने बघत होते. "करा," ते म्हणाले. "बंद नाही करत. पण करून दाखवा." मग ते ताईंकडे वळले. "ताई, त्या खुर्चीवर मात्र तुम्हाला आता बसवता येणार नाही."

"हो," ताई म्हणाल्या.

"काचेपलीकडे बसा. प्रश्न तुम्हीच विचारायचे. ते दुसऱ्या कोणाला जमत नाही. आणि परत असं काही लक्षात आलं, तर असंच येऊन सांगा."

ताईंना केवढं तरी हायसं वाटलं. डोक्यावरचं मशीन कोणीतरी हात देऊन खाली उतरवून घ्यावं, तसं. ती खुर्ची गेली याचं वाईटही वाटलं, नाही असं नाही. पण ते दुसऱ्या नंबरचं होतं.

दुपारी आवाजवाल्याने त्यांना माइकपुढे बसवलं, कारण श्वास त्यांचाच घ्यायचा असं चष्मेवालीने ठरवून टाकलं होतं. "धरा बघू श्वास," तो म्हणाला. ताईंनी डॉक्टरांपुढे घेतात तसा घेतला. "अहो, एक्सरे नाही काढायचा!" शेवटी त्यांच्यापुढे गेमच लावला, तेव्हा कुठे खरा श्वास निघाला.

घरी पोचल्या तेव्हा वडील खिडकीपाशी खाटेवर बसून होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ताई खाटेच्या कडेला बसल्या आणि कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. टॅक्सीवाला, साहेबांचं "अरे", माइक. वडिलांना व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पहारेकरी आणि लपणारी बाई कळली.

"पण ही श्वास धरायची खोड लागली कुठून तुला?" त्यांनी विचारलं.

"कुठून म्हणजे? तुमच्यामुळे, बाबा!"

ताईंच्या लहानपणी वडील काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला असत. एका खोलीचं घर, आणि ते दिवसा झोपलेले. गोळ्यांची बरणी नेमकी त्यांच्या उशाच्या वरच्या फळीवर. आई बाहेर गेली की ताई आणि त्यांचे दोघे भाऊ चवड्यांवर निघायचे. वडील झोपेत खाकरायचे, की तिघं होते तिथे श्वास धरून उभे. मग ते कूस बदलायचे. पुन्हा घोरायला लागले की मोहीम पुढे. "एक वेळ सोडली तर कधीच सापडलो नाही आम्ही," ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांनीही त्यांना त्याचा अभिमान होता.

वडील तोंड मिटून हसत होते.

"काय झालं?"

"अगं, जागा असायचो मी. त्या एवढ्याशा खोलीत तुम्ही तिघं फुसफुस करत यायचात, झोप कसली लागते? तुझ्या धाकट्या भावाने एकदा मी वळल्यावर दचकून बरणी फोडली होती. पायात काच गेली त्याच्या, आठवतं? तेव्हापासून वळायचं असलं की आधी खाकरायचो. म्हटलं, पोरांना कळू दे, थांबतील."

ताईंनी विचारलं, "मग घोरणं?"

"तेही मुद्दाम. तुम्ही निघावं म्हणून. मला पण झोपायचं असायचं ना!"

ताई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसेपर्यंत त्यांना कळेना की आपण अजून हसतो आहोत की काय करतो आहोत. वडिलांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

मग ताई चहा ठेवायला उठल्या.

"आणि एक सांगू?" वडील मागून म्हणाले. "तू अजून चवड्यांवरच चालतेस घरात. आता मला कुठे ऐकू येतं? तू आलीस कधी, गेलीस कधी, काही कळत नाही. उगाच एकट्यासारखं वाटतं. जरा पाय आपटून चाल. जमीन हादरली की खाटेला कळतं."

ताई दाराशी थांबल्या. पहिली पावलं त्यांना नीट जमली नाहीत, टाच आपोआप वर राहत होती. मग त्यांनी ती टेकवली. ठक् की धप्, काय वाजलं कोण जाणे, पण खाटेवरून आवाज आला, "हां. आता घरात कोणीतरी आहे."

ताई तशाच टाचा टेकवत स्वयंपाकघरात गेल्या, आणि आधण ठेवून, काही काम नव्हतं तरी, एकदा परत बाहेर येऊन गेल्या.