पाळणा रिकामा असताना

साधनाच्या सिंगापुरातल्या, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये रामनवमीचं कीर्तन होतं आणि कीर्तनकार म्हणून उभं राहायचं होतं मेधाला. पण सकाळपासून तिचं चित्त होतं जपानातल्या एका डोंगरावर. तिची लेक प्रणिता युनिव्हर्सिटीतल्या मुलामुलींबरोबर तिथे स्कीइंगला गेली होती. मार्च सरत आलेला, बर्फाचा हंगाम उताराला लागलेला. रिसॉर्टवाल्यांनी डोंगरावर कॅमेरा लावलेला, तो कुणालाही फोनवर बघता यायचा. मेधाने तो इतक्यांदा उघडला, की नैवेद्याचं दूध उतू गेलं. दिसायचं काय, तर पांढऱ्यावर तपकिरी ठिगळं आणि मधूनच डोकं वर काढणारं गवत.

पहाटेच प्रणिताचा फोन येऊन गेला होता. "आई, स्नो एकदम बेकार आहे. सकाळी काचेसारखा कडक, दुपारी हॉकर सेंटरमधल्या आइस कचांगच्या विरघळत्या गोळ्यासारखा पचपचीत. पण शर्यत होणार. मीठ टाकतायत."

"मीठ? बर्फावर?"

"थोडा वेळ घट्ट होतो. कॅन ला, चालतं, सगळीकडे करतात."

"तुझा गुडघा सगळ्यांसारखा नाही."

गेल्या वर्षी त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. खेळायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती, आईने नव्हती. "हवं तर हळूहळू घसर, पण शर्यत नाही," मेधा म्हणाली. प्रणिता नुसतं "बघते" म्हणाली. ते 'बघते' तेव्हापासून चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं.

साधनाने तिच्या मनातलं दारातच ओळखलं. "मेधाताई, फोन इकडे द्या. गादीवर उभं राहिल्यावर तो तुमचा नाही."

नारदाच्या गादीचा नेमच आहे तो. एकदा उभं राहिलं की आरतीपर्यंत कीर्तनकाराने बाहेरचं बोलायचं नाही, कुणापुढे वाकायचं नाही, खाली उतरायचं नाही. मेधा तो जिवापाड पाळायची. एरवी पेटीला प्रणिता असायची. आज साधना बसली. तबल्याला तिचा नवरा निशिकांत. पोरीलाही जन्म ऐकू यावा म्हणून साधनाने प्रणिताला फोन लावला आणि तो चालूच पेटीशेजारी ठेवला. मेधाला याचा पत्ता नव्हता.

पूर्वरंग कसाबसा पार पडला. बुक्का लागला, हार गळ्यात पडला, उत्तररंग सुरू झाला. दशरथाचा यज्ञ, पायसाची वाटणी, कौसल्येचे डोहाळे, इथवर सगळं जागच्या जागी. मग कौसल्येच्या काळजीचं वर्णन करता करता मेधा कुठे वळली ते तिचं तिलाच कळलं नाही. विश्वामित्र दारात येऊन उभा राहिला आणि राजाकडे राम मागू लागला.

"राजा म्हणतो, ऋषिवर्य, माझं सैन्य न्या, मला न्या. पोर लहान आहे हो. रानातली वाट, पाय कुठे पडेल, कुठे घसरेल..." समोरच्या दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. "वसिष्ठ म्हणाले, राजा, ज्याला विद्या दिलीस त्याला उंबरठ्याशी बांधू नकोस. पाठव त्याला. आणि राजाने..."

तबला थांबला. निशिकांत खाकरला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, जन्म व्हायचाय अजून."

मेधाने पाहिलं. पाळणा रिकामा. काटे बाराला टेकायला आलेले, लोकांच्या मुठीत गुलाल, आणि हिने राम जन्मायच्या आधीच वनात धाडलेला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"पुढे एवढं सोसायचंय हे ठाऊक असूनही," ती म्हणाली, "कौसल्येने बाळ मागितलंच." साधनाने शहाण्यासारखा पाळण्याचा सूर धरला. गुलाल उडाला. जन्म वेळेवर झाला.

आरती झाली, हार उतरला, तसा पेटीशेजारून आवाज आला. "आई? रामाला जन्मू तरी द्यायचंस."

सगळे हसले, साधना सर्वांत मोठ्याने. मेधा नाही हसली. तिने झडप घालून फोन उचलला. "कुठे आहेस?"

"वर. रांगेत. ऊन चढलंय, मिठाचा काही उपयोग नाही आता. तू नको म्हणालीस तर लिफ्टने खाली जाते. खरंच जाते. पण आत्ताच सांग."

'नको' जिभेवर तयार होतं. सकाळपासून तिथे दुसरं काही नव्हतंच. पण वसिष्ठाच्या तोंडून आत्ता ती स्वतःच काय बोलून बसली होती, आणि ते ऐकणारी पोर डोंगरावर उभी होती. गादीवर बोललेलं खाली उतरल्यावर फिरवायचं, तर मग उभं कशाला राहायचं?

"वाट कशी आहे?"

"वर बरी. मधे डाव्या हाताला माती उघडी पडलीय. शेवटी नुसतं कचांग."

"मग डावीकडे जाऊ नकोस. आणि शेवटी जरा वाकून..." ती थांबली. तिला त्यातलं काय कळत होतं? "जा."

"शुअर?"

"जा म्हटलं ना. फोन मात्र बंद करू नकोस."

फोन तिकडे खिशात गेला. कापडाची खसखस, जपानीतली एक हाक, शिट्टी. मग तव्यावर उलथनं ओढावं तसा खरवडल्याचा आवाज. साधनाने सुंठवड्याची वाटी पुढे केली. मेधा ती हातात तशीच धरून खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागली. आवाज मऊ झाला, ओला झाला. मग एक धप्प, आणि काहीच नाही.

मेधाने फोन तोंडाशी नेला.

"प्रणिता."

खसखस. धाप. "पडले. शेवटच्या वळणावर."

"गुडघा?"

"थांब, उठतेय." पुन्हा खसखस. "उभी आहे. बरा आहे गं. कॉलरमधून बर्फ आत गेलाय फक्त. शर्यत गेली, आई."

"जाऊ दे," मेधा म्हणाली, आणि होती तिथेच, गुलालाने माखलेल्या फरशीवर, मटकन बसली.