आवा निवताना

फाल्गुनातली सायंकाळ. कृष्णाकाठच्या पिकल्या गव्हावर केशरपिवळे ऊन पसरलेले, आणि गावकुसाबाहेर तात्याबा कुंभाराचा मडकी भाजायचा आवा हळूहळू निवत होता. ज्वाळा केव्हाच शमल्या होत्या. उरली होती एक धूम्ररेषा; निळसर, क्षीण, आपल्याच गतीने विरणारी.

आव्यापाशी राखेने माखलेली हौसा उभी होती, तात्याबाची लेक. मागल्या वैशाखात सासरच्या एका लग्नात, भर मांडवात नवऱ्याने तिच्यावर हात उचलला आणि ती तशीच माहेरी आली. तेव्हा तिचे डोळे नुसते निखारे होते. आज तोच नवरा, शिवराम, तिला न्यायला आला होता. राग आणि आग आपोआप विझतात, आणि मग सारे पूर्ववत होते, हा पुरुषजातीचा पुरातन विश्वास त्याने सोबत आणला होता.

या घरची रीत अशी की आवा निवेपर्यंत अंगणात शब्दाने शब्द वाढवायचा नाही. शिवरामला मात्र धीर धरवेना. तोही कुंभाराचाच पोर. पण सासऱ्याला हुशारी दाखवायची म्हणून त्याने काठीने राख सारली आणि एक रक्तवर्ण घट बाहेर ओढला. नदीवरून गार वारा आला. घट टचकन तडकला.

"निवू द्या की, जावईबापू," तात्याबा म्हणाला. "घाई कशापायी?"

ऊन गव्हावरून उतरले, बांधावरून उतरले, पाण्यावरूनही उतरले. धूर सरला. तात्याबाने राखेवर तळहात ठेवून मान हलवली. हौसा एकेक ताम्रवर्ण घट काढून बोटाच्या पेराने वाजवू लागली.

शिवराम जवळ सरकला. "राग गेला न्हवं?"

"कवाच गेला." स्वर सायंजलासारखा संथ. "राग हुता तवर वाटायचं, जावं आन् तुमच्या दारात उभं ऱ्हाऊन भांडावं. आता तेबी वाटत न्हाई. मी न्हाई यायची. तुमी जावा."

त्या बोलण्यात आच नव्हती, म्हणूनच तो भ्याला. रुसलेल्या बायकोची समजूत घालता येते. हिची कशी घालायची, हे त्याला ठाऊक नव्हते. लेकीला 'जा' म्हणायला तात्याबाची जीभ उचलली नाही; तो तिने काढलेले घट ओळीने मांडू लागला.

शिवराम गेला. हौसाने एक नवा घट नदीत बुडवून भरला आणि काठावर टेकवला. कोरी माती पाणी पिऊ लागली. सूं सूं करीत, पीत राहिली, पीत राहिली, आणि मग उगी झाली.