लिफ्टमधली शेळी

सुई टोचायची लेकीला आणि पलंगाला बांधून ठेवायचं बापाला, अशी सोय हॉस्पिटलने करावी, असं वॉर्डच्या सिस्टरचं स्पष्ट मत होतं. नियम असा, की मणक्यात औषध सोडताना मुलाजवळ आई किंवा वडील हवेतच. आई घरी, धाकट्याला कांजिण्या. तिला वॉर्डात बंदी. उरला बाबा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. बाराव्या मजल्यावर लटकून निवांत शीळ घालायचा, पण सुई दिसली की आडवा.

मागच्या वेळी तो थेट ट्रॉलीवर कोसळला. कपाळाला तीन टाके पडले. सगळे त्याच्यामागे धावले, औषध राहिलंच. भेटायला आलेल्या मावशीने सफरचंदंही त्याच्याच हातात दिली.

“रक्ताचा कॅन्सर आहे. आजचा डोस चुकवून चालणार नाही,” डॉक्टरीणबाई बाबाला दाराबाहेर हळूच म्हणाल्या. नऊ वर्षांच्या लेकीने आतून नीट ऐकलं. तिला वॉर्डात सगळे फौजदार म्हणायचे, ते उगीच नव्हे.

ती कुशीवर वळली, गुडघे हनुवटीला लावले आणि बाबाला समोर उभं केलं.

“बाबा, माझ्याकडेच बघ. मी लिफ्टमध्ये अडकलेय. सोबत चौघं आहेत, त्यातला एक काका सगळी बटणं दाबतोय.”

“काय? हात बाजूला घ्यायला सांग त्या गाढवाला!” बाबातला मेकॅनिक जागा झाला.

पाठीत सुई शिरली. फौजदाराच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाबाची नजर डॉक्टरीणबाईंच्या हाताकडे सरकू लागली.

“बाबा! काकाने शेळी आत घेतली!”

“लिफ्टमध्ये शेळी? किती माणसांची आहे लिफ्ट?”

“स... सहा.”

“आत माणसं किती?”

“पाच.”

“मग शेळी किती माणसांची धरायची?” बाबा खरोखरच काळजीत पडला.

“दीड,” सुई तसूभरही न हलवता डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे अर्धी जास्त! उतरव तिला!”

“ती नाही म्हणते,” फौजदार दात आवळून म्हणाली.

शेळीची समजूत घालता घालता औषध आत गेलं, पट्टी लागली. बाबा उभाच होता. स्वतःकडे दोनदा बघून त्याने खात्री केली आणि फोन घेऊन बाहेर पळाला. “अगं, झालं! नाही, अजिबात नाही पडलो! खंबीर होतो मी!” बाहेर कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

“गेला?” फौजदाराने विचारलं.

“गेला,” सिस्टर म्हणाली.

“लांब?”

“व्हरांड्याच्या टोकाला.”

“मग मी आता रडू?”

सिस्टरने पडदा ओढला. “रड. पण उताणीच. तासभर मान उचलायची नाही.”

फौजदार लगेच कामाला लागली. पाणी सरळ कानात जायला लागलं, तेव्हा सिस्टर दोन्ही बाजूंनी कापूस धरून उभी राहिली. बाहेर बाबा आता मावशीला फोन लावत होता, त्यामुळे दोघींनाही घाई नव्हती.