पूजेत नसलेली फ्लॉपी

मित्रांनो, तुमच्या वहीच्या पानाहून लहान, काळी, चौकोनी आणि वाकवली तर कायमची निकामी होणारी अशी मी एक जुनी फ्लॉपी आहे. कॉम्प्युटरमधली माहिती उतरवून ठेवायची, एवढेच माझे काम. कॉम्प्युटरचे बरे चालले असेल तोवर मला कोणी विचारत नसे. अशा जिण्यात मत्सर नाही येणार तर काय येणार?

१९९० साली मी कल्याणच्या एका रक्तपेढीत आले. तिथल्या कॉम्प्युटरला स्वतंत्र थंड खोली होती. आत जाताना सगळे चपला बाहेर काढत. मोठे डॉक्टरसुद्धा अनवाणी जात. संध्याकाळी त्याच्यावर मखमली आवरण चढे. आणि मी? सुमतीताईंच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याला टेकून. ती पिशवी दाराबाहेर, चपलांच्या वरच्या खुंटीला.

सुमतीताई तो कॉम्प्युटर चालवत. निघताना रक्तदात्यांची नावे, रक्तगट आणि पत्ते माझ्यात उतरवत आणि मला घरी नेत.

"इथं उद्या आग लागली तर दोन्ही एकदम जायला नकोत," त्या म्हणत.

डॉक्टर हसत. "अहो सुमतीबाई, एवढा महागाचा कॉम्प्युटर. त्याला काय धाड भरणार आहे?"

त्याच भरवशावर त्यांनी रक्तदात्यांची जुनी कार्डे रद्दीत घातली होती.

घरी सुमतीताईंची लहान मुलगी दारातच बिलगे. मला साड्यांच्या घडीत सरकवून त्या तिला उचलून घेत. मला त्या मुलीचाही हेवा वाटे.

मग खंडेनवमी आली. कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचा भरगच्च हार, उदबत्ती. मी खुंटीवरून वास घेत होते. डॉक्टरांनी नारळ फोडला आणि भक्तिभावाने थोडे पाणी कॉम्प्युटरवर शिंपडले. तो चालूच होता. चर्र झाले, जळका वास आला आणि पडदा काळा पडला.

खरे सांगते, मला आधी बरे वाटले.

तेवढ्यात मोहने गावचा भिवा धावत आला. त्याची बायको बायजा शेजारच्या इस्पितळात बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिला ओ निगेटिव्ह रक्त हवे होते. पेढीत त्या गटाची एकही बाटली नव्हती. ज्यांना बोलवायचे, त्यांची नावे काळ्या पडद्याआड गेली होती.

"ताय, रगत भेटंल ना?" भिवा एकसारखा विचारत होता.

सुमतीताईंनी खुंटीवरची पिशवी काढली. "भेटेल. चल माझ्याबरोबर."

मला वाचायला दुसरा कॉम्प्युटर हवा होता. तो जवळच परशुराम सरांच्या क्लासमध्ये होता. रिक्षातून उतरून पाहतो तर तिथेही हार, तिथेही समई.

"ताई, आज नाही हो," सर म्हणाले. "पूजेला मांडलंय. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"तुम्ही कशाची पूजा केलीत, सर? यंत्राची की हाराची?"

"तसं नव्हे, पण शास्त्र…"

"याची बायको उद्यापर्यंत थांबायची नाही."

सरांनी भिवाकडे पाहिले. मग स्वतःच हार उतरवला, पडद्यावरचे कुंकू रुमालाने पुसले आणि बटण दाबले. मी आत गेले. घरघरले. पडद्यावर नावे उमटली. त्यांत ओ निगेटिव्ह गटाचे, पारनाक्याचे काळुराम होते. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप गेला आणि ते सायकल हाणत थेट पेढीत पोचले.

बायजा वाचल्याचा निरोप क्लासवर आला, तेव्हा सर माझ्यापुढे कुंकवाचे बोट घेऊन आले. "हिची खरी पूजा व्हायला हवी."

मित्रांनो, आयुष्यभर मी या बोटाची वाट पाहिली होती.

"नको, सर," सुमतीताईंनी मला ओंजळीत झाकले. "कण आत गेला तर ही संपेल."

तेव्हा माझा जळफळाट झाला. ती ओंजळ किती ऊबदार होती, हे मला फार उशिरा उमगले.

पुढे नवा कॉम्प्युटर आला. त्याला आणखी मोठा हार पडला. नारळ मात्र अंगणात फुटला. काही वर्षांनी चकचकीत सीडी आल्या. मी कायमची कपाटात गेले. गेल्या वर्षी सुमतीताई वारल्या. त्यांच्या साड्यांची गोधडी झाली. ती मुलीच्या अंगावर असते. मला गोधडीचाही हेवा वाटतो. मुलगी मला कधी बाहेर काढते, मऊ कापडाने पुसते. पण मला वाचणारे यंत्र आता तिच्या ओळखीत कुठेच नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी उघडले, ते नशिबाने नव्हे. दर शनिवारी सुमतीताई मला यंत्रात घालून सगळी नावे दिसतात की नाही, हे पाहत असत. म्हणून सांगते, जे मोलाचे आहे त्याची प्रत काढा, ती दुसऱ्या जागी ठेवा. पण ठेवले म्हणजे झाले, असे समजू नका. वरचेवर उघडून बघा. यंत्र आहे तोवर.