बैल माझे आहेत

बलभीमनं करकचून ब्रेक दाबला, तेव्हा आमदार उत्तरेश्वरराव फोनवर सोयाबीनबद्दल बोलत होते.

"बाहेरचं तेल स्वस्तात आणायचं आणि इथल्या शेतकऱ्याला सांगायचं की भाव बाजार ठरवेल, हे मला मान्य नाही. सरकार आमचं असलं तरी मान्य नाही," ते मुंबईच्या वार्ताहर हर्षालीला सांगत होते. "पण कर्जमाफीचंही मी समर्थन करत नाही. लिहा तसं. माणूस एकदा फुकटाला सोकावला की बांधावर उभा राहत नाही. भाव द्या, दिवसा वीज द्या. बाकीचं तो बघून घेतो."

"आणि गोवंशाच्या कायद्याबद्दल, सर? तो आणखी कडक करावा असं तुम्ही मागच्या अधिवेशनात—"

गाडी थांबली होती. उत्तरेश्वररावांनी, म्हणजे जिल्हा ज्यांना तात्या म्हणतो त्यांनी, काचेतून पुढं बघितलं. नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या ढाब्यासमोरच्या मोकळ्या जागेत एक पांढरी पिकअप आडवी उभी होती. तिच्याभोवती वीस-पंचवीस पोरं होती, सगळी विशी-पंचविशीतली. मोटारसायकली वाटेल तशा लावलेल्या. ट्रकवाले वेग कमी करून बघत होते आणि न थांबता हैदराबादच्या दिशेनं निघून जात होते. पिकअपच्या हौद्यात देवणी बैलांची जोडी होती. उन्हात उभं राहून बैलांच्या तोंडाला फेस आला होता.

"तसंच काढू का पुढं, तात्या?" बलभीमनं विचारलं. त्याचा हात गियरवरच होता.

तात्या हो म्हणणार होते. तेवढ्यात त्यांना ईरण्णाकाका दिसले.

लोहाऱ्याकडच्या त्यांच्या जन्मगावात दोघांच्या शेताचा बांध एकच होता. तात्यांचे वडील गेले त्या वर्षी, चौदा वर्षांच्या उत्तरेश्वरला औत धरायला शिकवलं होतं ते ईरण्णाकाकांनी. आता ते बहात्तर वर्षांचे झाले होते. पिकअपच्या मागच्या चाकाशी ते उकिडवे बसले होते. डोक्याचा रुमाल सुटून खांद्यावर आला होता, घामानं कपाळावरची विभूती ओघळली होती. ओठ सारखे हलत होते.

"नंतर बोलू, ताई," असं म्हणून तात्यांनी फोन बंद केला आणि दार उघडलं.

"तात्या आले, तात्या आले," असं करत दोघं-तिघं धावत आले, वाकून पाया पडले. तात्यांना बरं वाटलं. पण पिकअपच्या पुढच्या बाजूला त्यांची नजर गेली आणि ते बरं वाटणं तिथंच थांबलं.

मशाक बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभा होता. लोहाऱ्याच्या स्टँडवर त्याची पिकअप असे. कांदा, लग्नातली भांडी, गणपती, अडलेली बाई, जे म्हणाल ते तो पोचवायचा. तात्यांच्या सभांच्या खुर्च्या तीन निवडणुका त्यानंच वाहिल्या होत्या. बॉनेट तापलेलं असणार, कारण तो एकेक तळवा किंचित वर उचलत होता. उचलला की मागं उभा असलेला एकजण काठीचं टोक त्याच्या गुडघ्याच्या लवणीत टेकवायचा. मारत नव्हता. नुसतं टेकवत होता. तळवा पुन्हा खाली जायचा. मशाकच्या एका पायात चप्पल नव्हती.

"काय चाललंय हे?" तात्यांनी आवाज चढवला. "माझ्या ओळखीची माणसं आहेत. बाजूला व्हा."

कुणी हललं नाही.

सभेत, लग्नात, मोर्चात, तात्या बाजूला व्हा म्हणाले की वाट होत असे. तीस वर्षं होत आली होती. आज त्यांचे शब्द पोरांच्या अंगावरून ओघळून खाली पडले, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

भागवत पुढं आला. मागच्या निवडणुकीत त्यानं तात्यांचे चार बूथ सांभाळले होते. शांत, अदबीनं बोलणारा मुलगा. त्यानंही वाकून नमस्कार केला.

"ओळखीचे असतील, तात्या. पण माल कर्नाटकात चाललाय. म्हातारा दलाल दिसतोय तिकडचा. मराठीत एक शब्द बोलंना."

तात्यांनी ईरण्णाकाकांच्या ओठांकडं नीट बघितलं. भीतीनं त्या माणसाची मराठी पार गेली होती. "मगळ मनिगे," ते कानडीत पुटपुटत होते, "मगळ मनिगे." लेकीच्या घरी. त्यांची लेक प्रेमा कर्नाटकातल्या आळंदला दिलेली होती. दसऱ्यानंतर तिच्या नवऱ्याचा एक बैल मेल्याचं तात्यांच्याही कानावर आलं होतं. ज्वारीची पेरणी खोळंबली असणार आणि बापानं आपली जोडी गाडीत घातली असणार. सरळ गोष्ट होती. ती सांगायला तात्यांनी तोंड उघडलं.

"ह्यो ड्रायव्हर म्हणतोय, लेकीकडं न्यालोय बैल," काठीवाला हसून म्हणाला. "दोनदा म्हणला. सगळ्यांच्याच लेकी कर्नाटकात कशा काय असत्यात?"

बाकीचेही हसले. मशाकच्या डाव्या गालावर पाच बोटं उठलेली तात्यांना तेव्हा दिसली. खरं काय ते सांगून झालं होतं, आणि त्याचं असं झालं होतं.

"पोलीस—" तात्या म्हणाले.

"येत्याल की. त्यांची वाट कवर बघायची?" भागवत म्हणाला. "तुमीच बोलला होता ना तात्या, नळदुर्गच्या सभेत? जिथं कायद्याचा हात पोचत न्हाय, तिथं आपण पोचायचं. आमी तेच करतोय."

बोलले होते. टाळ्या पडल्या होत्या, म्हणून पुन्हा एकदा बोलले होते. त्यात खोटं काही नव्हतं. गाय-बैल वाचले तर शेती वाचेल आणि शेती वाचली तर घर, असं त्यांना मनापासून वाटत आलं होतं. आत्ता ह्या उन्हातही वाटत होतं. फक्त ते वाक्य म्हणताना समोर कुणाचे गुडघे आणि त्यांना टेकलेली काठी दिसली नव्हती.

कुणीतरी मोबाईल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. "तात्या, दोन शब्द बोला. लाईव्ह आहे."

पडद्यावर तात्यांना स्वतःचा चेहरा दिसला. एकदम म्हातारा. त्याच्या खांद्यामागं काठी दिसत होती आणि काठी आता गुडघ्याच्या लवणीतून वर, पाठीवर आली होती. आपण ह्या पोरांना भितोय, हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

"बैल माझे आहेत," ते म्हणाले.

मोबाईल आणखी जवळ आला.

"ईरण्णाकाका माझ्या गावचे. त्यांच्याकडून घेतलेत मी काल. माझ्या मळ्यात चाललेत." "गाडी मी बोलावली. ड्रायव्हर माझा माणूस आहे."

भागवतनं त्यांच्याकडं बघितलं.

"मग ह्यो लेकीकडं का म्हणत होता?"

"भ्यालाय तो," तात्या म्हणाले. "भ्यालेला माणूस काहीही बोलतो."

कुणीतरी तात्यांच्या नावाचा जयघोष केला. बाकीच्यांनी आवाज मिसळला. ढाब्यातून हळदकुंकू आलं, बैलांच्या कपाळाला लागलं, तात्यांच्याही लागलं. काठी दिसेनाशी झाली. मशाकनं तळवे उचलले आणि ते बघितले नाहीत, पाठीमागं धरले.

"आमी सोडतो की मळ्यापर्यंत," भागवत म्हणाला. "रस्त्यात आणखी कुणी अडवाया नको."

नको म्हणायला जागाच नव्हती. पुढं दहा मोटारसायकली, मध्ये पिकअप, मागं तात्यांची गाडी, अशी ती मिरवणूक बोरी नदीच्या पुलावरून गेली. एकदा बलभीमनं आरशातून मागं बघितलं, आणि तात्यांनी नजर बाहेर वळवली.

मळ्यातला गोठा अकरा वर्षांपूर्वी रिकामा झाला होता. ट्रॅक्टर आला तेव्हा तात्यांनी आपली जोडी बाजारात विकली. कुणी नेली, कुठं नेली, ते विचारलं नव्हतं. तेव्हा कुणीच विचारत नसे. आता तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि प्रचाराचे फलक रचलेले होते. पोरांनीच ते उत्साहानं बाहेर काढले, फलकांवरचे तात्यांचे चेहरे भिंतीला उभे केले आणि बैल आत बांधले. फोटो काढले. चहा घेतला. मग गेली.

मोटारसायकलींचा आवाज विरल्यावर तात्यांच्या पत्नी कमलबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मशाकनं पाणी घेतलं नाही. तो किल्ली लावायला बघत होता आणि किल्ली भोकात जात नव्हती.

"बस रे जरा," तात्या म्हणाले. "दुपारनं जा. बलभीम येईल सोबत."

"नको तात्या. घरी माझी वाट बघत असत्याल. त्यांनीबी मोबाईल बघितला असंल." किल्ली एकदाची लागली. "तुमी म्हणलात ना, माझा माणूस. तेवढं ध्यानात असू द्या." बोलण्यात विनवणी होती की काय होतं, ते तात्यांना नीट कळलं नाही.

ईरण्णाकाका गोठ्याच्या दारात उभे होते. मराठी आता परत आली होती.

"प्रेमाला काय सांगू?"

"चार दिवस थांबा, काका. माझ्या ट्रॉलीतनं मी पोचवतो. माझा शब्द आहे."

म्हाताऱ्यानं दोन्ही बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. "पेरणीची वल निघून जाईल रे रानातली चार दिवसांत," ते म्हणाले. मग एसटी धरायला फाट्याकडं चालू लागले.

संध्याकाळी हर्षालीचा पुन्हा फोन आला. "सर, व्हिडिओ पाहिला. छानच. आपला तो कायद्याचा प्रश्न राहिला होता."

ह्या प्रश्नाचं उत्तर तात्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी घसा खाकरला. गोठ्यातून चारा ओढल्याचा आवाज येत होता.

"तो राहू द्या सध्या," ते म्हणाले. "तुम्ही विजेचं विचारा."

पुढचे दोन दिवस पहाटे उठून त्यांनी स्वतः शेण काढलं, बैलांना घासलं, पाणी पाजलं. हातांना सगळं आठवत होतं. कमलबाई दारातून बघायच्या. रोज सकाळी पाच-सहाजण येत. फुलं वाहत, बैल मोजल्यासारखे बघत आणि जात. दोनच बैल, पण बघायचे मात्र मोजल्यासारखेच. फाटकाचा आवाज झाला की तात्यांचा हात असेल तिथं थांबू लागला. मशाकला तीनदा फोन लावला. बंद होता.

चौथ्या दिवशी सकाळी बलभीम ट्रॅक्टरला ट्रॉली जोडत असताना भागवत आला. एकटाच. त्यानं पेंडीची पिशवी आणली होती. आधी गोठ्यात जाऊन आला, मग पडवीत येऊन खुर्चीवर बसला. तात्या हात पुसत बाहेर आले.

"ट्रॉली कुठं चालली, तात्या?"

"अशीच. कडबा आणायचाय."

"हां." भागवतनं मान हलवली. "काल ईरण्णाकाकाकडं जाऊन आलो. लई साधा माणूस. चहा पाजला आमाला. खोटं बोलता आलं न्हाय बिचाऱ्याला."

बलभीमनं हातातली पिन खाली ठेवली. लोखंडाचा आवाज झाला.

"त्यांना काही—" तात्या म्हणाले.

"छे, छे! पाया पडून आलो. बापाच्या वयाचा माणूस." भागवतचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तुमी काळजी करू नका. पोरांचं ठरलंय. तात्यांचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाय. तात्या म्हणले बैल माझे, तर बैल तात्यांचेच. ते हितंच ऱ्हातील. आमी येत जाऊ बघायला."

"आणि मशाक?"

"त्यो गेला म्हणं लोहाऱ्यातनं. बिऱ्हाड घिऊन. आमी काय केलं न्हाय. नुसतं विचारायला गेलतो."

"तो माझा माणूस आहे," तात्या म्हणाले. रस्त्यावर हेच वाक्य किती सहज निघालं होतं. आता ते म्हणायला त्यांना श्वास घ्यावा लागला. पण ते म्हणाले.

"तुमी म्हणलात म्हणजे हायच की." भागवत हसला. चेहऱ्यावर राग नव्हता, उपरोधही नव्हता, आणि म्हणूनच तात्यांना त्या चेहऱ्याकडं बघवेना. "बघू. सापडला तर सांगतो त्याला, तात्या इचारीत होते म्हणून."

"तुला काय पाहिजे, भागवत?"

"मला? काही नको." त्याला खरंच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

तात्यांनी बलभीमकडं बघून मान हलवली. बलभीम ट्रॉली सोडवू लागला. आतून कमलबाई कपबशा घेऊन आल्या, तिथलं वातावरण बघून दारातच थबकल्या.

"बसा की, तात्या," भागवत म्हणाला. "उभं का ऱ्हायलात?"

आपण उभे आहोत हे तात्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि ते बसले.